डिशच्या ‘गोल्ड प्लेटेड’ कनेक्टरला पैसे मोजू नका

पावसाळ्यात डिशचे चॅनेल जायला लागले की कंपनीचा माणूस म्हणवणारे लुटारू हमखास उगवतात. चिपळूणला माझ्या आईबाबांकडून अशाच एकाने २,४०० रुपये उकळले.

निम्मे चॅनेल दिसायचे, निम्म्यांवर सिग्नल नाही. इंटरनेटवरच्या एका नंबरवर बाबांनी फोन केला. आलेला माणूस छपरावर चढण्याआधीच म्हणाला, “काका, एलएनबी गेलाय.” (एलएनबी म्हणजे डिशच्या छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग.) नवा एलएनबी, ‘प्युअर कॉपर’ वायर आणि सोन्याचा मुलामा दिलेले कनेक्टर बसवून तो गेला. बिल दिलं नाही, जुना एलएनबी घेऊन गेला. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच रडगाणं, आणि त्याचा फोन बंद.

गणपतीत घरी गेल्यावर मी छत्रीजवळचा कनेक्टर काढला. हाताने पिळून बसवायचा सगळ्यात स्वस्त प्रकार, वर रबरी टोपी नाही. आतून पाणी निथळलं, वायरीची आतली जाळी काळी पडलेली. वायरीच्या मधल्या तारेला फ्रिजवरचं चुंबक लावलं तर चटकन चिकटलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही. ती वरून तांबं चढवलेली पोलादी तार होती. तशी वायर डिशला सर्रास वापरतात आणि कमी अंतरावर चालतेही, पण तिचे तांब्याचे पैसे घेणं ही चोरीच.

सोन्याची थाप तर त्याहून संतापजनक. या एफ-कनेक्टरला स्वतःची पिनच नसते. मधोमध दिसते ती केबलचीच तार. मग सोनं कुठे, तर बाहेरच्या नटावर!

निम्मेच चॅनेल का जातात, तेही सांगतो. सेट-टॉप बॉक्स याच केबलमधून एलएनबीला चॅनेलनुसार कधी १३, कधी १८ व्होल्ट पाठवतो. सांधा गंजला की १८ पुरेसे पोहोचत नाहीत आणि त्यावर चालणारे चॅनेल गायब होतात. म्हणून एलएनबीला दोष देण्याआधी दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून बघायला लावा.

आमच्याकडे ओळखीच्या वायरमनने खराब टोक कापलं, डिशच्या आरजी-६ प्रकारच्या वायरीच्या मापाचा कॉम्प्रेशन कनेक्टर दाबून बसवला, टोपी चढवली आणि पाणी आत न ओघळता खाली गळावं म्हणून वायरीला खाली झोळ दिला. त्यानंतर धो धो पावसातही सगळे चॅनेल टिकले. नेलेला एलएनबी चांगला असणार, याची मला खात्री आहे. तो कुणाच्या तरी घरी नवा म्हणून विकला गेला असेल. काढलेला भाग आपल्या घरातच ठेवून घ्या, आणि बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.