केव्हीएममधील स्पेक्युलेशन-दोषांचा बंदोबस्त: काम चोख, मूळ सेटिंग अपुरे

अनोळखी ग्राहकांची व्हर्च्युअल मशीन एकाच सर्व्हरवर चालवायची असतील, तर हायपरवायझर (अशी मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) पारखताना मी आधी एकच गोष्ट पाहतो: एका गेस्टला (व्हर्च्युअल मशीनला) होस्टची (मूळ सर्व्हरची) किंवा शेजारच्या गेस्टची मेमरी वाचता येते का? लिनक्स कर्नलमधील केव्हीएम या हायपरवायझरचे हे परीक्षण त्याच प्रश्नापुरते आहे.

स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरच्या स्पेक्युलेशनमधील, म्हणजे पुढचे काम अंदाजाने आधीच करण्यातील, दोष जानेवारी २०१८मध्ये उघड झाले, पण केव्हीएमची खरी परीक्षा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या एल१टीएफ या तशाच दोषाने घेतली. पेज टेबलमधील (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यातील) नोंदीचा 'प्रेझेंट' बिट बंद असला, म्हणजे ती नोंद वैध नसली, तरी दोष असलेला इंटेल प्रोसेसर त्या नोंदीतील पत्ता गृहीत धरून एल१ डेटा कॅशेत (प्रोसेसरमधील छोट्या, वेगवान मेमरीत) डोकावतो. आणि गेस्ट चालू असताना तर ईपीटीचा (गेस्टचे पत्ते होस्टच्या पत्त्यांत बदलणाऱ्या तक्त्याचा) टप्पा वगळून तो पत्ता थेट होस्टचा भौतिक पत्ता मानला जातो. त्यामुळे गेस्टने आपल्याच पेज टेबलमध्ये हवा तो पत्ता लिहायचा आणि त्या क्षणी कॅशेत जे असेल ते हेरायचे, इतके हे सोपे होते.

यावर केव्हीएम गेस्टमध्ये शिरण्यापूर्वी एल१ कॅशे रिकामी करते. मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या अंतर्गत कोडने) सोय दिली असेल तर एका एमएसआर-लेखनात, म्हणजे प्रोसेसरच्या नियंत्रण-रजिस्टरमध्ये एकदा लिहून, हे होते. नसेल तर ६४ केबी डेटा वाचून जुना मजकूर बाहेर ढकलला जातो. मूळ सेटिंग सशर्त आहे: गेस्टमधून बाहेर पडल्यावर संवेदनशील डेटाला हात न लावणारा, तपासून घेतलेला कोडच चालला असेल, तर कॅशे रिकामी करणे टाळले जाते. वेग आणि सुरक्षा यांचा हा विचारपूर्वक घातलेला मेळ मला मनापासून आवडला.

माझा आक्षेप हायपरथ्रेडिंगबाबत, म्हणजे एका कोरवर एकाच वेळी दोन थ्रेड चालवण्याच्या सोयीबाबत, आहे. एकाच कोरवरील दोन थ्रेड एल१ कॅशे वाटून घेतात, म्हणून शिरताना केलेली सफाई शेजारच्या थ्रेडपुढे निष्प्रभ ठरते. तरीही कर्नल हायपरथ्रेडिंग आपणहून बंद करत नाही. सिस्फसमधील (कर्नल आपली स्थिती जिथे फाइलरूपात दाखवते तिथल्या) एल१टीएफच्या फाइलमध्ये 'एसएमटी व्हल्नरेबल', म्हणजे हायपरथ्रेडिंगमुळे धोका आहे, असा प्रामाणिक शेरा असतो, पण ती फाइल उघडून वाचणारे प्रशासक किती? लिनक्स ५.१४मध्ये आलेले कोअर शेड्युलिंग परस्परांवर विश्वास नसलेल्या गेस्टना एका कोरवर एकत्र येऊ देत नाही, मात्र एक थ्रेड कर्नलमध्ये शिरला असताना दुसऱ्यावर गेस्ट चालूच राहू शकतो. अनोळखी गेस्ट असतील, तर अशा प्रोसेसरवर हायपरथ्रेडिंग बंदच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये समोर आलेल्या व्हीएमस्केप या दोषाच्या वेळी मात्र वेगळे धोरण दिसले. गेस्टने शिकवलेले ब्रँच प्रेडिक्टर (प्रोग्रामची पुढची वाट ओळखणारे प्रोसेसरचे भाग) होस्टवरील क्यूईएमयूची (गेस्टसाठी उपकरणांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची) दिशाभूल करू शकत होते, म्हणून गेस्ट चालल्यानंतर यूजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या, क्यूईएमयूसारख्या प्रोग्रामकडे) परतताना आयबीपीबी, म्हणजे प्रेडिक्टरमधील जुने शिक्षण निष्प्रभ करणारा आदेश, देण्याचा उपाय, दोष असलेल्या प्रोसेसरवर आपोआप लागू केला गेला. वारंवार यूजरस्पेसमध्ये जावे लागणाऱ्या एम्युलेटेड (सॉफ्टवेअरने नक्कल केलेल्या) उपकरणांना त्याची झळ अधिक बसते. ती किंमत मला मान्य आहे.