विदर्भाच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉकिंग: रायझन ५ ३६०० आणि डीपकूल एके४००, एक वर्ष वापरून

आधी मशीन सांगतो म्हणजे तुमच्या कामाचं आहे का नाही ते लगेच समजेल. प्रोसेसर रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन ३२०० वाल्या रॅम, आणि प्रोसेसर थंड ठेवायला डीपकूलचा एके४०० कूलर जो मी मागच्या वर्षी साधारण अडीच हजारात घेतला. काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं. गाव हिंगणघाटच्या पुढे, घरावर टिना, आणि पीसी ज्या खोलीत आहे तिथे मे महिन्यात दुपारी ३ वाजता भिंतीवरचं थर्मामीटर ४१-४२ दाखवतं. खोलीचा हा आकडा लक्षात ठेवा, कारण ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर कंपनीच्या स्पीडपेक्षा जास्त पळवायचे, जे व्हिडिओ आपण पाहतो ते बहुतेक थंड खोलीत बनवलेले असतात आणि त्यातलं सेटिंग जसंच्या तसं आपल्या इकडे टाकलं का घोळ होतो.

माझा झाला. तेव्हा प्रोसेसरच्या डब्यासोबत आलेला छोटा कूलरच होता, रेथ स्टेल्थ. फेब्रुवारीत एका व्हिडिओत पाहून बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारं सेटिंगचं पान) ४.२ गिगाहर्ट्झ क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड, आणि १.३५ व्होल्ट टाकलं, दोन महिने मशीन पळाली, मला वाटलं जमलं. मग एप्रिलमध्ये लग्नाचा सीझन सुरू झाला, रेंडर, म्हणजे एडिट केलेली फिल्म तयार करायचं काम, लावून ठेवलेला, दुपारी लाईन गेली. पीसी इन्व्हर्टरवर आहे पण खोलीतला कूलर इन्व्हर्टरवर नाही, म्हणजे रेंडर चालू आणि खोली तापून राहिली. माय मधल्या खोलीतून येऊन म्हणते, "काऊन रे, तो डबा एवढा काऊन घरघर करून राह्यला?" मी उठून जाईपर्यंत निळी स्क्रीन. ८० टक्के झालेला रेंडर गेला आणि त्याच संध्याकाळी रिसेप्शनला तो पडद्यावर दाखवायचा होता. पाहुण्यांसमोर मी नुसते फोटो चालवले. नवरीच्या बापाचा चेहरा आजही डोळ्यासमोरून जात नाही.

नंतर शांतपणे बसून समजून घेतलं. हिशोब साधा आहे. हवेचा कूलर कितीही भारी असो, प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं, त्याच्या खाली कधीच येत नाही. समजा फुल लोडवर खोलीपेक्षा ४५ डिग्री वर जातं, तर जानेवारीच्या रात्री खोली २० असताना ६५ आणि मे मध्ये खोली ४२ असताना ८७. ३६०० ची कमाल मर्यादा ९५ डिग्री आहे, तिथे पोचला का प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो. पण माझ्यासारखं फिक्स सेटिंग काठावर असलं तर स्पीड कमी व्हायच्या आधीच मशीन बसते, कारण गरम चिपला त्याच क्लॉकसाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. थंडीत पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात नापास होतं ते यामुळे.

आणि व्होल्टेजबद्दल एक गोष्ट नवीन माणसाला कोणी नीट सांगत नाही. क्लॉक वाढवल्यानं गरमी वाढते ती सरळ प्रमाणात, व्होल्टेज वाढवल्यानं वाढते ती वर्गाच्या प्रमाणात. १.२ चं १.३५ केलं आणि क्लॉक तोच ठेवला तरी वॅट साधारण सव्वापट होतात. काही जण म्हणतात का ऑटोवर ठेवलं तरी हा प्रोसेसर १.४ च्या वर दाखवतो मग आपण १.४ टाकलं तर काय बिघडलं. बिघडतं. ऑटोमध्ये तो एवढा वर जातो तेव्हा एकदोन कोरवर हलकं काम असतं, करंट कमी असतो, आणि सगळे कोर कामाला लागले का तो स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. आपण फिक्स १.४ टाकलं तर सहाही कोर फुल करंट घेऊन तेवढ्यावरच तापत राहतात, आणि ६५ वॅटच्या या प्रोसेसरला कंपनीनं जी ८८ वॅटची लगाम घातलेली असते तीही मॅन्युअल मोडमध्ये सुटते. मी आता १.३ च्या वर जातच नाही.

आता एके४०० बद्दल. ६ मिलिमीटरच्या चार हीटपाइप (गरमी वर नेणाऱ्या नळ्या), १२० मिलिमीटरचा एक पंखा, उंची १५५ मिलिमीटर, म्हणून कॅबिनेट आधी टेपनं मोजा, सडपातळ डब्यात झाकण लागणार नाही. माझ्याकडे त्याच सेटिंगवर रेथ स्टेल्थपेक्षा १५-१६ डिग्री खाली राहतो आणि आवाज पार गेला, आता पंखा चालू आहे का ते वाकून पाहावं लागतं. अडीच हजारात यापेक्षा जास्त मागणं नाही माझं.

बसवताना मात्र घाई करू नका, विशेषतः जुना कूलर काढताना. एएम४ सॉकेटच्या या प्रोसेसरच्या खाली १३३१ पिना असतात आणि प्रोसेसर-कूलरच्या मधली जुनी पेस्ट वाळून गोंदासारखी झालेली असते, सरळ वर ओढलं तर सॉकेट लॉक असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो. आधी दहा-पंधरा मिनिटं काहीतरी जड काम चालवून प्रोसेसर गरम करा, मग मशीन बंद करून वायर काढा, चारही स्क्रू सोडवा आणि कूलर चाकाच्या नटासारखा हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवा, तो स्वतःच सुटतो. स्क्रू सुटले का बोर्डाच्या मागची पट्टी खाली पडते, म्हणून कॅबिनेट आडवं करा आणि एक हात मागे ठेवा. मी बायकोला पट्टी धरायला बसवलं होतं आणि तिच्यामुळेच अर्ध्या तासात काम झालं. पेस्ट वाटाण्याएवढी, बस. नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेलं प्लॅस्टिक राहिलं नाही ना ते बोट फिरवून पाहा.

एक तोटा सांगतो, तो या एका कूलरचा नाही, अशा सगळ्या उभ्या कूलरचा आहे. रेथ स्टेल्थची हवा खाली बोर्डावर पडायची, त्यात प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग म्हणजे व्हीआरएम आपोआप थंड राहायचे. उभा कूलर हवा आडवी फेकतो, तिकडे वारं जात नाही. माझा प्रोसेसर थंड झाला आणि व्हीआरएम आधीपेक्षा गरम, त्याच्यावरच्या हीटसिंकला (गरमी सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याला) बोट टेकवत नव्हतं. कॅबिनेटच्या मागे एक १२० चा पंखा हवा बाहेर फेकणारा लावला तेव्हा फरक पडला. ज्यांच्या बोर्डावर व्हीआरएमला हीटसिंकच नाही त्यांनी ओव्हरक्लॉकिंगच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सेटिंग कसं शोधलं ते सांगतो. आधी काहीच न बदलता सिनेबेंच, म्हणजे स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर, चालवून स्कोर आणि तापमान वहीत लिहिलं, कारण सुरुवात लिहिली नाही तर नंतर फायदा झाला का तोटा ते कळत नाही. मग ४.० गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्ट, मग क्लॉक २५-२५ मेगाहर्ट्झनं वर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक वेळी सिनेबेंच, आणि शेवटी ओसीसीटी (मशीनला फुल ताण देणारं सॉफ्टवेअर) एक तास, बाजूला तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. बस क्लॉक, म्हणजे ज्यावरून बाकीचे स्पीड ठरतात तो, १०० वरच राहू द्या, त्याला हात लावला का बाकीचं पण हलतं. ८५ च्या वर गेलं का मी थांबवतो. बोर्ड चालूच झाला नाही तर घाबरू नका, वायर काढून बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसचं सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं दहा सेकंद जोडल्या का सगळं पूर्वीसारखं होतं.

आपल्या इकडे एक वेगळी अडचण आहे, टेस्ट चालू असताना लाईनचा झटका बसून मशीन बंद होते आणि आपल्याला वाटतं सेटिंग फेल गेलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ ही नोंद दोन्ही वेळी येते, लाईन गेली तरी आणि सेटिंगमुळे बसली तरी, त्यावरून काहीच ठरवू नका. व्हीआ (WHEA) नावाची हार्डवेअरची एरर दिसली तर मात्र जवळजवळ नक्की सेटिंग कच्चं आहे. टेस्ट यूपीएसवरच करा. बायोस अपडेट तर लाईनच्या भरवशावर अजिबात नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची टेस्ट मी मे महिन्यात दुपारी ३ वाजता, खोलीतला कूलर मुद्दाम बंद करून केली. तिथे जे टिकलं ते माझं. बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह आहेत. एक हिवाळ्याचं, ४.२ आणि १.२८७५. दुसरं मार्च ते जूनचं, ४.० आणि १.१५, म्हणजे जवळजवळ कंपनीचाच स्पीड पण कमी व्होल्टेजवर. नवतपात खोली ४२ असताना हे दुसरं ७८ च्या वर गेलं नाही. एका तासाच्या लग्नाच्या फिल्मला रेथ स्टेल्थवर गरमीत ५२ मिनिटं लागायची, आता ४७ लागतात, आणि ते पण रोज, दुपारी पण, न बसता. फिक्स क्लॉकचा तोटाही आहे, एका कोरला मिळणारा ४.२ चा बूस्ट उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये मिळत नाही, सॉफ्टवेअर उघडायला किंचित वेळ लागतो. मला चालतं.

वॉरंटीत असलेला प्रोसेसर असेल तर विचार करा, ओव्हरक्लॉकिंगनं झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही. माझी २०२० चीच खरेदी, मुदत केव्हाच संपली.

साफसफाईचं पण सांगतो कारण इकडे हवेत कापूस असतो. वेचणी सुरू झाली आणि जिनिंगकडे गाड्या जायला लागल्या का दोन महिन्यांत कूलरच्या पत्र्यांवर रुईचा पातळ थर बसतो, गोधडीच्या आतल्यासारखा, आणि ५-६ डिग्री सहज वाढतात. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी येतं. खोलीतल्या कूलरचं तोंडही पीसीकडे सरळ ठेवू नका, आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कॅबिनेटच्या जाळीवर बसले होते.

मागच्या आठवड्यात गावातला एक पोट्टा आला, "भाऊ, माह्या पीसीचं पण स्पीड वाढवून द्या ना." त्याचा बोर्ड ए५२० निघाला, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतच नाही. पण बायोस उघडून पाहिलं तर ३२०० ची रॅम २४०० वर चालत होती, जोडून देणाऱ्यानं एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवायचं सेटिंग, चालूच केलं नव्हतं आणि दोन वर्षं ते तसंच. चालू केलं, रात्रभर मेमटेस्ट लावला, एकही एरर नाही. जाताना म्हणे, "पैसे किती झाले भाऊ?" मी म्हटलं पैसे राहू दे, घरी जाऊन पंख्यावरची रुई काढ आधी.