काठमांडू की कोलंबो? पुण्यातून शेजाऱ्यांचं काम करताना

आमच्या हॉलमध्ये दीड-दोन वर्षं दोन घड्याळं होती. एक आपलं, दुसरं काठमांडूचं, पंधरा मिनिटं पुढे. त्या दुसऱ्या घड्याळावर आईने दोनदा बीपीची गोळी वेळेआधी घेतली. एकदा बायकोने स्कूलबस चुकली असं समजून मुलाला स्कूटरवरून थेट शाळेत सोडलं आणि परत येताना तीच बस तिला समोरून आली. कोलंबोसाठी मात्र वेगळं घड्याळ लागलंच नाही. त्यांचे साडेनऊ म्हणजे आपलेही साडेनऊच.

चाकणच्या एका कारखान्यात अकरा वर्षं स्टोअर आणि ईआरपी, म्हणजे साठा-खरेदी-हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, सांभाळून मी २०२१ मध्ये बाहेर पडलो. तेव्हापासून कर्वेनगरच्या घरातून सल्लागाराचं काम करतो. अमेरिकेचं काम घेतलं की रात्री जागाव्या लागतात, म्हणून शेजारीपाजारीच शोधले. कोलंबोला एक चहा पॅक करणारी कंपनी आहे आणि काठमांडूला दुचाकीच्या सुट्या भागांचा एक वितरक होता. दोन्हीकडे काम सारखंच, साठ्याचा मेळ लावायचा आणि ईआरपी रुळावर ठेवायचा. तासाचा दरही थोड्याफार फरकाने तोच. मधे चार महिने ढाक्याचं काम केलं, पण ते ओघात सांगतो.

पैशाच्या बाबतीत काठमांडू पुढे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. बिल भारतीय रुपयांत लावलं, पैसे भारतीय रुपयांत आले, मधे डॉलर नाही आणि दरातली चढउतार नाही. रुपयात पैसे आले तर जीएसटीत ती निर्यात धरली जाईल का, ही मला धाकधूक होती. नेपाळच्या बाबतीत चालतं असं सीएने सांगितलं. तुम्ही तुमच्या सीएला विचारून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका. कोलंबोकडून डॉलर येतात आणि वाटेतली प्रत्येक बँक त्यातून चिमूटभर उचलते. १,५०० चं बिल लावलं की खात्यावर कधी १,४७० येतात, कधी १,४६२. ते वरचे पैसे कुठे गेले, हे दरवेळी सीएला समजावायचं. बँकेचा सगळा खर्च पैसे पाठवणाऱ्याने सोसायचा, हे करारातच लिहून घ्या. मला हे शहाणपण तिसऱ्या बिलानंतर आलं. दोन्हीकडे कर कापूनच पैसे हातात येतात. करासाठीचा रहिवासाचा दाखला, परदेशात कापलेल्या कराची वजावट मागायचा फॉर्म आणि दरवर्षीचं एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) यातून काठमांडूवाल्याचीही सुटका नाही आणि कोलंबोवाल्याचीही नाही.

तारखांचा घोळ हा मात्र निखालस नेपाळी. त्यांचा सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतो. आपण दिवाळीच्या पाडव्याला ऐकतो, साधारण तेच संवत, फक्त त्यांचं वर्ष बैशाखात सुरू होतं आणि महिने सौर असतात. महिना २९ दिवसांचाही असतो आणि ३२ चाही, शिवाय एखाद्या वर्षी आषाढ ३१ चा असेल तर पुढच्या वर्षी तेवढाच असेल याची खात्री नाही. त्यामुळे ईआरपीत तारीख सूत्राने काढता येत नाही, दरवर्षीचा तक्ताच भरून ठेवावा लागतो. पहिल्या वर्षी तक्त्यात माझा एक दिवस चुकला आणि महिनाअखेरचा सगळा साठा एका दिवसाने घसरला. त्यांचं आर्थिक वर्ष आषाढअखेर संपतं. २०२४ मध्ये ती तारीख होती १५ जुलै, आणि आषाढी एकादशी १७ ला. म्हणजे पालख्या पुण्यात आल्या तेव्हापासून पंढरपूरला पोचेपर्यंत मी ब्रेक शू आणि क्लच प्लेटा मोजत होतो.

कोलंबोला वर्षभरात सुट्ट्या भरपूर. दर पौर्णिमेला तिथे पोयाची सुट्टी असते आणि एप्रिलच्या मध्यात, १३-१४ तारखेच्या त्यांच्या नववर्षाला, आठवडाभर कोणी मेलला उत्तर देत नाही. सुरुवातीला मी वैतागलो होतो. मग कालनिर्णयावर पौर्णिमा पाहून कामाची आखणी करू लागलो. त्यांची आणि आपली पौर्णिमा क्वचित एखादा दिवस पुढेमागे होते, तेवढं तपासायचं. वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, नारळी, कोजागिरी अशा सगळ्या सुट्ट्या मला आता आयत्या मिळतात. घरातल्या सणाला मोकळा असलेला सल्लागार आमच्या नात्यात मी एकटाच आहे.

भाषेचा हिशोब मात्र मला उलटा निघाला. वाटलं होतं की काठमांडू सोपं जाईल. हिंदी चालते, लिपी आपलीच, त्यांचं नेपाळी पत्रकसुद्धा अर्धंअधिक वाचता येतं. ते सोपं गेलंही, पण जरा जास्तच. सगळं बोलण्यावर चालायचं, कागदावर काही नाही. ‘हुन्छ दाइ’ म्हणजे होईल दादा, पण कधी होईल ते त्या ‘हुन्छ’मध्ये नसतं. आणि ‘दाइ’ म्हटल्यावर एक रिपोर्ट फुकटात जास्तीचा करून द्यायला नाही कसं म्हणायचं? महिन्याला वीस तास ठरलेले, प्रत्यक्षात तीस व्हायचे. कोलंबोची माणसं इंग्रजीत, थोडं अंतर राखून बोलतात. बैठक झाली की तासाभरात काय ठरलं त्याची मेल येते. सुरुवातीला कोरडं वाटलं, नंतर तेच बरं वाटू लागलं.

हे सगळं मी निभावून नेलंही असतं. अडलं ते रविवारी.

मी काम करत होतो तेव्हा नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असायची. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या सरकारने शनिवार-रविवार अशी दोन दिवस सुट्टी देऊन पाहिली होती, ती महिन्याभरात गुंडाळली. कागदावर हे किरकोळ वाटतं. शनिवारी सुट्टी घ्यायची, रविवारी काम करायचं, एक दिवस सरकला इतकंच. पण आमच्या घरात बायको बँकेत आहे, तिला दुसरा आणि चौथा शनिवार. मुलाला शनिवारी अर्धा दिवस शाळा. घरातली सगळी माणसं एका वेळी घरात असण्याचा दिवस एकच. आणि त्याच दिवशी बरोबर पावणेदहाला, म्हणजे त्यांच्या दहाला, ऑफिस उघडलं रे उघडलं की फोन. ‘दाइ, एक मिनट का काम है.’

एका रविवारी मी मटणाच्या दुकानात रांगेत उभा होतो. कानाला फोन, पलीकडे चाळीस ब्रेक शूंचा हिशोब लागत नव्हता. नंबर आला तेव्हा मी मान डोलावत होतो फोनवरच्या माणसाला, आणि खाटकाला वाटलं, त्यालाच होकार देतोय. घरी येऊन पिशवी उघडली तर निम्म्याहून अधिक हाडं. बायको काही बोलली नाही. दुपारी जेवताना मुलाने विचारलं, “बाबा, तुझी सुट्टी कधी असते?” शनिवार म्हणालो. तो म्हणाला, “पण शनिवारी तर कोणीच नसतं.” माझ्यापुरता निकाल तिथे लागला. रविवारी फोन घेणार नाही असंही सांगून पाहिलं. त्यांच्या दृष्टीने ते म्हणजे आपल्या ऑफिसात कोणी ‘मी सोमवारी फोन घेत नाही’ म्हणण्यासारखं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

ढाक्याबद्दल इतकंच की तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणजे रविवारचं दुखणं तेच, फक्त घड्याळ पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास पुढे. २०२४ च्या जुलैमध्ये तिथलं इंटरनेटच काही दिवस बंद पडलं आणि आमचं काम पुन्हा उभं राहिलं नाही.

कोलंबोची बाजू घेतोय म्हणून तिथलं वाईटही सांगायला हवं. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली तेव्हा माझी दोन बिलं तिथे अडकली. कंपनीकडे पैसे होते, पण बँकेकडे डॉलर नव्हते. तासन्‌तास वीज जायची, त्यामुळे वीज कधी असेल ते बघून बैठका ठेवायच्या. पैसे ऑगस्टअखेर आले. मधल्या काळात तिथला अकाउंटंट दर सोमवारी एका ओळीची मेल पाठवायचा, ‘या आठवड्यातही जमलं नाही, क्षमस्व.’ तेव्हापासून मी एक महिना आगाऊ घेतो आणि त्यांनीही कुरकुर केली नाही. अशी वेळ कुठल्याही शेजाऱ्यावर येऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात काठमांडूचं काय झालं ते आपण पाहिलंच.

तेव्हा तुम्ही एकटे असाल, किंवा घरात कोणाचाच रविवार ठरलेला नसेल, तर काठमांडू जरूर बघा. पैसे सरळ येतात, माणसं मायेची आहेत, भेटायला जायचं तर व्हिसाही लागत नाही. करार करताना सध्या सुट्टी कोणत्या वारी आहे ते आधी विचारा आणि जास्तीच्या तासांचा दर लिहून घ्या. माझं तिथलं काम मी भोसरीच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे सोपवलं. त्याची साप्ताहिक सुट्टी वीस वर्षं गुरुवारी होती, त्याच्या घरी मटणही गुरुवारीच शिजतं. त्या दुसऱ्या घड्याळासकट त्याने ते काम घेतलं.