वाएरेबोतील एक रात्र आणि 3,25,000 रुपिया

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागात, मांगाराई जिल्ह्याच्या डोंगरांत वाएरेबो नावाचे गाव आहे. तेथे मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था गाव स्वतः पाहते. आम्ही गेलो तेव्हा एका रात्रीचे माणशी 3,25,000 रुपिया पडले. त्यात झोपण्याची जागा, रात्रीचे जेवण, सकाळची न्याहारी आणि गावातच पिकलेली कॉफी आली. वाटाड्याचे पैसे वेगळे. ही रक्कम कोणा एका मालकाच्या खिशात जात नाही, तर गावकऱ्यांनी उभारलेल्या संस्थेकडे जमा होते, आणि या मुक्कामाची पारख करताना मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

फ्लोरेसच्या पश्चिम टोकावरील लाबुआन बाजो या शहराहून देंगे या पायथ्याच्या गावापर्यंत मोटारीने जवळजवळ अख्खा दिवस मोडतो आणि पुढे थोड्या अंतरावर रस्ता संपतो. वाए लोम्बा ओढ्यापासून पोचो रोकोच्या खिंडीपर्यंत जंगलातून चढ आहे. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, वाट निसरडी होते आणि जळवाही लागतात, म्हणून कोरड्या महिन्यांतच जावे. वाटेत आम्हाला कॉफीची पोती डोक्यावर आणि पाठीवर घेऊन उतरणारी माणसे भेटली. खालून तांदूळ, मीठ, तेल, साबण याच वाटेने, याच पाठींवरून वर जाते. पाहुण्याच्या ताटातल्या भातामागेही तेवढीच चढण असते, हे एकदा ध्यानात आले की माणूस ताटात काही टाकत नाही.

गाव दिसू लागते तेथे एक छोटी झोपडी आहे. वाटाड्याने तिथला बांबूचा ठोकळा वाजवून पाहुणे आल्याची वर्दी दिली. गावात शिरल्यावर सर्वांत आधी मुख्य घरात, म्हणजे ज्यात पूर्वजांचे ढोल टांगलेले असतात त्या घरात जावे लागते. तेथे एक वयोवृद्ध गृहस्थ पूर्वजांना आमच्या येण्याची वार्ता देतात आणि आमच्या सुखरूप परतण्यासाठी त्यांची अनुमती मागतात. या छोट्या विधीला ‘वाएलू’ म्हणतात आणि तो होईपर्यंत गावात छायाचित्रे काढायची नसतात. येथील लोक कॅथलिक आहेत आणि पूर्वजांचे विधीही तितक्याच निष्ठेने पाळतात. हा विधी पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा असेल अशी शंका मला आधी होती. पण त्या वृद्धांचा स्वर इतका शांत आणि घरगुती होता की ती शंका तेथेच फिटली.

पाहुण्यांची झोपण्याची सोय एका ‘म्बारू नियांग’मध्ये असते. हे शंकूच्या आकाराचे, सुमारे 15 मीटर उंचीचे घर असून त्याचे गवती-झावळ्यांचे छप्पर जवळजवळ जमिनीला टेकते. आत पाच मजले आहेत: खाली माणसे राहतात, त्यावर अन्न व सामान, त्यावर बियाणे, चौथ्या मजल्यावर दुष्काळासाठी राखून ठेवलेला साठा आणि सर्वांत वर पूर्वजांचा नैवेद्य. भिंतीलगत गोलाकार अंथरलेल्या गाद्यांवर सगळे पाहुणे एकत्र झोपतात. स्वतंत्र खोली नाही, पडदा नाही. ज्याला एकांत हवा त्याने हे ठरवूनच यावे. साधारण 1,100 मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात रात्री चांगलीच थंडी पडते, परंतु पांघरुणे पुरेशी होती. दिवे संध्याकाळी काही तासच होते आणि मोबाइल निकामी होता. जेवणात भात, पालेभाजी, अंडे, कोंबडीचा रस्सा आणि झणझणीत साम्बाल, म्हणजे मिरचीची चटणी, होती. शाकाहारी असाल तर वाटाड्याकरवी आधी निरोप द्यावा. आमच्यातील दोघांना भाजी आणि अंडी मनापासून वाढली गेली.

ही घरे आज उभी आहेत यामागे बरेच कष्ट आहेत. पूर्वी येथे सात घरे होती आणि 2008 च्या सुमारास त्यांपैकी चारच उरली होती. जाकार्ताचे वास्तुविशारद योरी अंतार आणि त्यांचे सहकारी त्या काळात येथे आले, आणि त्यांच्या प्रयत्नांतून निधी मिळून गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी सातही घरे पुन्हा उभी केली. 2012 मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला. माझ्या दृष्टीने त्या कामाचा पुरस्काराहून मोठा लाभ असा की घर बांधण्याची विद्या म्हाताऱ्यांकडून तरुणांच्या हाती आली. छप्पर काही वर्षांनी पुन्हा शाकारावे लागतेच. तेव्हा ती विद्या आणि पाहुण्यांच्या पैशातून उरलेली शिल्लक, दोन्ही लागणार.

संध्याकाळी एका घराच्या उंबऱ्याशी माग लावून बसलेल्या बाईंशी वाटाड्याच्या मदतीने बोलणे झाले. मी त्यांना ‘इबू’ (बाईंना आदराने असे म्हणतात) म्हटले आणि मुले कुठे आहेत असे विचारले. त्या म्हणाल्या, “खाली कोम्बोत. शाळा तिकडे आहे ना. सुट्टी लागली की वर येतात.” गावात शाळा नाही, म्हणून मुले शाळेच्या वयाची झाली की खालच्या कोम्बो वस्तीत राहतात आणि कुटुंबे वर-खाली अशी दोन ठिकाणी विभागली जातात. दवाखानाही खालीच, आजारी माणसाला याच जंगलवाटेने उतरवावे लागते. वाएरेबोच्या भवितव्याचा विचार मला या दोन गोष्टींपासून वेगळा करता येत नाही. जी मुले खाली शिकतात ती पुढे रुतेंग या जिल्ह्याच्या गावी आणि त्याहून दूर जातात, आणि परत येण्यासाठी त्यांना येथे काम असावे लागते. पर्यटनाने ते थोडेफार दिले आहे: वाटाडे, भारवाहक, पाळीपाळीने स्वयंपाक सांभाळणाऱ्या बायका, विणकाम. आमचा वाटाडाही बाहेर शिकून परतलेला तरुण होता.

तरीही गावाचा खरा आधार कॉफीच आहे, आणि ती पाहुण्यांवर अवलंबून नाही हे मला फार मोलाचे वाटते. अंगणात चटयांवर वाळत घातलेल्या बियांभोवती सकाळपासून लगबग असते. येथे आणखी एक श्रद्धा आहे: पूर्वजांना या जागेची वाट उदमांजराने दाखवली, म्हणून वाएरेबोची माणसे उदमांजर खात नाहीत.

या प्रवासातील माझी एकमेव तक्रार गावाबद्दल नाही. लाबुआन बाजोतील एका एजंटाने मोटार, वाटाडा आणि मुक्काम असे सगळे एकत्र विकले आणि वाटाडा शहरातून पाठवला. त्याला गावची भाषाही येत नव्हती. देंगेत आल्यावर आम्ही स्थानिक वाटाडा पुन्हा घेतला आणि तेव्हा कुठे लोकांशी बोलता आले. शहरातून आलेल्या त्या वाटाड्याने उलट सल्ला असाही दिला होता की सकाळी चढून दुपारी उतरावे, मुक्काम करू नये. तो मानला असता तर विधी आणि एक पेला कॉफी एवढेच पदरी पडले असते, गावालाही कमी पैसे मिळाले असते, आणि त्या इबूंशी बोलणे झालेच नसते.

रोख रक्कम मात्र बरोबर ठेवावी, कारण वर पैसे काढण्याचे यंत्र नाही आणि कॉफी किंवा विणलेले कापड घेताना पैसे थेट विणणाऱ्या वा पिकवणाऱ्या हातात द्यायचे असतात. मी कॉफी घेतली. पाकिटावर काहीही छापलेले नव्हते. पुन्हा गेलो तर दोन रात्री राहीन, वाटाडा देंगेतच ठरवीन आणि शक्य झाल्यास नोव्हेंबरात, पावसाची भीती न बाळगता, ‘पेंती’ या त्यांच्या नववर्षाच्या सणाला जाईन, कारण त्या दिवसांत दूर गेलेली मुलेही घरी परततात असे वाटाड्याने सांगितले.