थर्मल पेस्टच्या नावाखाली कुडाळात मला कसं लुटलं, कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी वाचा

वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी ह्या पट्ट्यात कुणी कॉम्प्युटर गरम होतो म्हणून दुकानात देणार असाल तर आधी हे वाचा प्लीज. दुकानाचं नाव इथे टाकत नाही, तक्रार चालू आहे, पण त्याची पद्धत सगळी सांगते.

माझं लग्नाचे अल्बम डिझाईन करायचं काम आहे, वेंगुर्ल्यात घरूनच करते. कॉम्प्युटरमध्ये एएमडी कंपनीचा रायझन 5 3600 प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू) आणि त्याच्या बॉक्समध्ये येतो तो एएमडीचाच कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवायला त्याच्यावर बसवतात तो फॅनवाला धातूचा ठोकळा. ऐन मे महिन्यात, म्हणजे लग्नाचा सीझन आणि उकाडा दोन्ही टोकाला असताना फॅन ओरडायला लागला, फोटोशॉप अडकायला लागलं, टेंपरेचर बघितलं तर 95. ह्या प्रोसेसरची मर्यादाच 95 डिग्री आहे, तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला.

दुकानदार म्हणाला, "ताई, पेस्ट सुकलीय." (थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरमध्ये जावी म्हणून दोघांच्या मध्ये लावतात ती.) हे त्याचं निदान बरोबरच होतं, आणि फसवणूक इथेच सुरू होते, कारण पहिलं वाक्य खरं असतं. मग म्हणाला, "साधी पेस्ट आपल्या खाऱ्या हवेत टिकत नाही, मी तुम्हाला लिक्विड मेटल लावून देतो, इम्पोर्टेड, दहा वर्षं बघायला नको." बिल 2200 रुपये. त्यात लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू) 1800, सर्व्हिस 400, त्याच्याच हाताने लिहिलेलं, माझ्याकडे आहे.

घरी आणल्यावर आधीपेक्षा वाईट हाल, आता मोठी फाईल एक्सपोर्ट करताना कॉम्प्युटर धाडकन बंदच पडायला लागला. परत नेला तर म्हणतो, "प्रोसेसरच गेला ताई, इतके दिवस तापून आतून जळाला, नवीन टाकावा लागेल, साडेनऊ हजार. जुना मी हजाराला घेतो, तुमचं नुकसान कमी." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. जळालेल्या प्रोसेसरचे हजार रुपये कुणी कशाला देईल? मी कॉम्प्युटर उचलला आणि घरी आले.

माझा भाचा डिप्लोमा करतो, सुट्टीत आला होता, त्याने कूलर काढला आणि म्हणाला, "मावशे, फसयल्यान गे तुका." प्रोसेसरवर जुनी सुकलेली राखाडी पेस्ट तशीच होती, पुसलीसुद्धा नव्हती, आणि तिच्यावर पांढरं चिकट काहीतरी थापलेलं, कडेने बाहेर आलेलं. लिक्विड मेटल चकचकीत पाऱ्यासारखं दिसतं, ते पांढरं असूच शकत नाही. हे होतं साधं सिलिकॉनचं हीट सिंक कंपाउंड, रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीवाले वापरतात ते, छोटी ट्यूब अगदी स्वस्तात मिळते. वर कूलरचा एक स्क्रू अर्धवट आवळलेला, म्हणजे एका कोपऱ्यात कूलर टेकलेलाच नव्हता.

आणि मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आला की बिलावर लिहिलंय ते खरोखर लावलं असतं तर कूलरची वाट लागली असती. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं आणि गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला खातं, आणि 3600 सोबत येणारा कूलर अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. शिवाय त्यातून वीज वाहते, थेंब मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट. म्हणजे ह्या कूलरला कुणी लिक्विड मेटल लावतो म्हणाला की एकतर त्याला काम येत नाही किंवा तो खोटं बोलतोय, तिसरं काही नाही.

पेस्टचं काम एवढंच आहे की प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ हे दोन पत्रे वरून गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक खाचा असतात, त्यात हवा राहते आणि हवा उष्णता जवळजवळ जाऊच देत नाही, ती जागा पेस्टने भरायची. म्हणून थर पातळ हवा. जाड थापली की धातू आणि धातूच्या मध्ये पेस्टचीच भिंत होते, आणि जुन्या सुकलेल्या थरावर नवीन लावणं म्हणजे तर काहीच न करणं. कूलर एकदा काढला की जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवीनच लावायची, तीच परत दाबून बसवायची नाही, कारण उचलताना तिच्यात फटी पडतात.

भाच्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, प्रोसेसरवरचं नाव स्वच्छ दिसेपर्यंत, मध्यभागी वाटाण्याएवढी चांगल्या कंपनीची पेस्ट (आर्क्टिक एमएक्स-4 ची ट्यूब) आणि स्क्रू तिरपे समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. कूलरच्या पात्यांमध्ये अडकलेली लाल धूळ ब्रशने काढली, आपल्याकडे दमट हवेमुळे ती चिकटून बसते. तीच फाईल एक्सपोर्ट केली, टेंपरेचर 80 च्या आत. "जळालेला" प्रोसेसर सीझनभर त्याच कामावर चालला, एकदाही बंद पडला नाही.

अजून एक, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. ह्या रायझनच्या खाली 1331 बारीक पिना असतात आणि सुकलेली पेस्ट इतकी चिकटते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात, मग खरंच नवीन घ्यावा लागतो. काढण्याआधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करायची, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवायचा. तुमच्या दुकानदाराने थंड मशीनचा कूलर ओढायला घेतला तर तिथल्या तिथे हात धरा.

कूलर बसला की खाली काय लावलंय ते दिसत नाही, म्हणूनच ह्या कामात एवढी लबाडी चालते. त्यामुळे समोर बसून करून घ्या, ट्यूब हातात घेऊन बघा, बिलावर पेस्टच्या कंपनीचं नाव लिहायला लावा. दुकानात जाण्याआधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं नाव दिसतं त्याचा फोटो काढा, म्हणजे कुणी तो बदलला तर कळेल, एचडब्ल्यू मॉनिटर हे सॉफ्टवेअर फुकट आहे त्यात टेंपरेचरचाही काढा, आणि पैसे देण्याआधी दुकानातच मशीनवर जड काम चालवून परत बघा. "प्रोसेसर गेला" म्हणाले तर जुना प्रोसेसर अजिबात सोडू नका, दुसरीकडे दाखवा.

मी बिल आणि उघडल्यावरचे फोटो घेऊन दुकानात गेले तर म्हणाला, "ताई, पोराने चुकून दुसरी ट्यूब लावली असेल." मग साडेनऊ हजार मागताना पण चूक झाली का, विचारलं तर गप्प. त्यानंतर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली. आता त्याचे फोन येतायत, अठराशे परत देतो, तक्रार मागे घ्या. मी सांगितलंय, पूर्ण 2200 दे आणि काय लावलं होतंस ते तुझ्या लेटरहेडवर लिहून दे. अजून दिलेलं नाही. नाही दिलं तर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, वस्तू किंवा सेवेसाठी दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर तिथे फी लागत नाही, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुडाळात कुणाला असाच अनुभव आला असेल आणि बिल जपून ठेवलं असेल तर मला कळवा, दुकान तेच निघालं आणि दोन-तीन तक्रारी एकत्र गेल्या तर त्याला टाळता येणार नाही.