कटऑफ वर्तवणारी सशुल्क सेवा : नीटसाठी ठीक, जेईईसाठी निरुपयोगी

2025 साली आमच्या घरातून पुतण्या जेईई मेन या अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेला आणि मुलगी नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसली होती. निकालापूर्वी पात्रतेचा कटऑफ, म्हणजे पात्र ठरण्याची किमान रेषा, वर्तवणाऱ्या एका संकेतस्थळाचे सशुल्क सदस्यत्व आम्ही त्या काळात घेतले होते; दोन्ही निकाल लागल्यानंतर ते अंदाज पुन्हा तपासून हे परीक्षण लिहीत आहे. सेवेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्या पद्धतीवर माझा आक्षेप आहे ती या एकाच सेवेची नाही.

गुण मोजून देण्याचे काम ही सेवा चोख करते. जेईईची रिस्पॉन्स शीट, म्हणजे उमेदवाराने नोंदवलेली उत्तरे, चढवली की तात्पुरत्या उत्तरतालिकेशी ती ताडून विषयवार गुण मिळतात, आणि अंतिम उत्तरतालिका आल्यावर त्यांत आपोआप दुरुस्तीही होते. जेईई अनेक शिफ्टमध्ये होते, म्हणून शिफ्टची तारीख आधी विचारली जाते, हेही योग्यच आहे, कारण परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेचे पर्सेंटाइल (आपल्याइतके किंवा कमी गुण मिळवणाऱ्यांची टक्केवारी) त्या त्या शिफ्टमधील उमेदवारांशी तुलना करून ठरते आणि तेवढेच गुण दोन शिफ्टमध्ये वेगवेगळे पर्सेंटाइल देऊ शकतात.

खरी अडचण जेईई अॅडव्हान्स्डच्या, म्हणजे मेनमधून निवडलेल्यांसाठी असलेल्या आयआयटी प्रवेशपरीक्षेच्या, पात्रतेच्या अंदाजात आहे. मेनची जानेवारी आणि एप्रिल अशी दोन सत्रे होतात; एप्रिलचे पेपर अवघड गेले, म्हणून खुल्या यादीचा कटऑफ 91 पर्सेंटाइलच्या खाली येईल, असे सेवेने ठळकपणे सांगितले. प्रत्यक्षात तो 93.1023262 लागला. ही चूक आकड्याची नसून विचाराची आहे. अॅडव्हान्स्डसाठी साधारण अडीच लाख उमेदवार निवडले जातात, त्यांतील 40.5 टक्के, म्हणजे 1,01,250 जागा खुल्या यादीच्या असतात, आणि ही संख्या पेपर सोपा असो वा अवघड, बदलत नाही. पेपर अवघड गेला तर सर्वांचेच गुण उतरतात, पण पहिल्या लाखभर उमेदवारांची ओळ तेवढीच राहते. ही रेषा हलते ती परीक्षेला बसलेल्यांच्या संख्येमुळे. 2022 मध्ये सुमारे 9.05 लाख विद्यार्थी बसले होते, तेव्हा कटऑफ 88.41 होता, 2024 मध्ये ही संख्या 14.15 लाखांवर गेली आणि कटऑफ 93.24 झाला. 2025 मध्ये सुमारे 14.75 लाख विद्यार्थी बसले. 1,01,250 ला या संख्येने भागून येणारी टक्केवारी 100 मधून वजा केली की 93.14 मिळतात, आणि हे उत्तर प्रत्यक्ष कटऑफच्या अगदी लगत आहे. 2022 आणि 2024 साठी हाच हिशेब केला, तर फरक अर्ध्या पर्सेंटाइलच्या आतच राहतो. नोंदणीचे आणि जानेवारी सत्राच्या उपस्थितीचे आकडे निकालाआधीच जाहीर असतात. त्यामुळे दहावीच्या गणितात बसणाऱ्या या हिशेबासाठी पालकांकडून पैसे घेऊन तो चुकीचा देणे मला अजिबात पटत नाही. पुतण्याला 92च्या आसपास पर्सेंटाइल होते, आणि या भाकितावर विसंबून आम्ही एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेची उजळणी काही दिवस बाजूला ठेवली होती.

नीटच्या बाबतीत मात्र याच सेवेने जबाबदारीने काम केले. तिथे गणित उलटे आहे : पर्सेंटाइल नियमाने बांधलेले असते, खुल्या प्रवर्गासाठी 50 आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींसाठी 40, आणि दरवर्षी बदलतात ते त्यासाठी लागणारे गुण. खुल्या प्रवर्गाची पात्रता 720 पैकी 2022 मध्ये 117 गुणांवर, 2023 मध्ये 137 वर, 2024 मध्ये 162 वर आणि 2025 मध्ये 144 वर होती. येथे काठिण्यपातळीचा विचार करावाच लागतो, आणि 2025 चा भौतिकशास्त्राचा भाग किती जड होता हे परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सेवेने एकच आकडा न देता एक पट्टा दिला, 144 त्यात बसले, आणि पट्टा रुंद का ठेवला याचे कारणही लिहिले होते. आपले गुण अशा संकेतस्थळावर भरणारे विद्यार्थी बहुधा क्लास लावून तयारी केलेले असतात, तर पन्नासावे पर्सेंटाइल म्हणजे बावीस लाखांच्या रांगेतील मधला उमेदवार. सदस्यांच्या गुणांवरून त्याचा अंदाज बांधताना आकडा खाली आणावाच लागतो. हे स्पष्टीकरण वाचून मला खरोखर समाधान वाटले.

तरीही 'पात्र' या निकालाशेजारी 'सुरक्षित' अशी हिरवी खूण दाखवणे ताबडतोब थांबवले पाहिजे. 2025 मध्ये नीटला 12.36 लाखांहून अधिक उमेदवार पात्र ठरले आणि एमबीबीएसच्या जागा त्याच्या सुमारे दहाव्या भागाइतक्याच आहेत. महाराष्ट्रात राज्याच्या वाट्याच्या 85 टक्के शासकीय जागांसाठी पाहायचा असतो तो राज्याची प्रवेशप्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी कक्षाने जाहीर केलेला मागील वर्षाचा फेरीनिहाय तपशील, तोही गुणांऐवजी क्रमांकाने. कारण 2024 चे गुण 2025 ला लावले तर हुशार मुलेही नाहक हताश होतात. ही माहिती विनामूल्य मिळते, आणि या सेवेत मात्र ती कुठेच जोडलेली नाही.

दूरध्वनीवर बोलणारे प्रतिनिधी नम्र होते, परंतु जेईईचा आकडा कसा काढला या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. नीटच्या उमेदवाराला परीक्षेपासून निकालापर्यंत ही सेवा घ्यायला माझी हरकत नाही. जेईईसाठी मात्र, अंदाजासोबत तो कसा काढला याचा हिशेब दाखवला जाईपर्यंत, मी ती कोणालाही सुचवणार नाही.