एन१०० मिनी पीसीवर प्रॉक्समॉक्स आणि ओपीएनसेन्स: घरचा राउटर म्हणून कसं चालतं?

प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली, आणि ओपीएनसेन्स म्हणजे अशा एका व्हीएममध्ये चालणारं राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर. घरात १०० एमबीपीएसची जोडणी, चार मोबाइल, एक टीव्ही, एवढाच पसारा असेल तर हे दोन्ही चालवणारा हा छोटा संगणक, म्हणजे हा डबा, घेऊ नका. कंपनीने दिलेला राउटर ते काम करतो, आणि बिघडला तर तो बदलून द्यायला माणूस घरी येतो. दोन वेगवेगळ्या जोडण्या एकत्र चालवायच्या आहेत, कॅमेरे आणि स्मार्ट प्लग घरच्या लॅपटॉपपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरच्या स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये) ठेवायचे आहेत, बाहेरून वायरगार्ड या व्हीपीएनने घरात यायचं आहे, आणि त्याच यंत्रावर स्मार्ट उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंटही बसवायचं आहे, अशा घरासाठी मात्र ही मांडणी उत्तम आहे.

यंत्र म्हणजे इंटेल एन१०० प्रोसेसरचा, चार २.५ गिगाबिट पोर्टचा, पंखा नसलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा. निरनिराळ्या नावांनी विकला जातो, पण आतला बोर्ड बहुधा एकाच धाटणीचा असतो. २०२३ साली आलेल्या या प्रोसेसरला चार कोअर आहेत, वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, एईएस (कूटलेखनाचा वेग वाढवणारी सोय) आणि व्हीटी-डी (व्हीएमला खरं हार्डवेअर देण्याची सोय) दोन्ही आहेत. रॅमचा स्लॉट एकच, त्यामुळे नंतर वाढवू म्हणण्यापेक्षा १६ जीबीची पट्टी आधीच घ्या. भिंतीतून साधारण १२ वॉट ओढला तर महिन्याला साडेआठ-पावणेनऊ युनिट होतात. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला हे परवडतं.

उष्णता हा याचा खरा दुबळा भाग. पंखा नाही म्हणून आवाज नाही, पण सगळी उष्णता त्या खाचांच्या अंगातूनच बाहेर पडते. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात ठेवलात तर अंगाला हात लावल्यावर चटका बसेल, आणि आतली एनव्हीएमई डिस्क प्रोसेसरच्या आधी तापेल. मोकळ्यावर, खाचा वर करून ठेवा, त्यावर दुसरा राउटर रचू नका. तापमान तरीही ८० अंशांच्या पुढे जात असेल तर खालचं झाकण उघडून प्रोसेसर आणि अंग यांच्यामधली पेस्ट बघा. पुष्कळदा ती वाळलेली किंवा एकाच कोपऱ्यात लावलेली असते.

नेटवर्क चिप आय२२६-व्ही आहे ना, ते विकणाऱ्याला विचारून घ्या. तिच्यात जोडणी मध्येच तुटून परत येण्याची तक्रार दिसली तर बायोसमधला एएसपीएम हा वीज वाचवणारा पर्याय बंद करा. बायोसमध्ये असतानाच व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी चालू करा, आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सेटिंग लावा. ही शेवटची राहिली तर पहाटे लाइट जाऊन आल्यावर अख्खं घर नेटविना बसतं.

आता मुख्य प्रश्न: पोर्ट थेट व्हीएमच्या हवाली करायचे, म्हणजे पासथ्रू, की लिनक्सच्या ब्रिजवरून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या स्विचवरून, द्यायचे? घरासाठी ब्रिज घ्या, त्यात शंका नको. ओपीएनसेन्स लिनक्सवर नाही, फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालतं, आणि फ्रीबीएसडीचं काही नेटवर्क चिपशी नीट जमत नाही. ब्रिजमध्ये खरी चिप लिनक्स सांभाळतो, व्हीएमला फक्त व्हर्टआयओ हे आभासी कार्ड दिसतं. पासथ्रू केलंत तर चालू व्हीएमचा मेमरीसकट स्नॅपशॉट (त्या क्षणाची साठवलेली अवस्था) घेता येत नाही, आणि तो पोर्ट दुसऱ्या कुठल्या व्हीएमला वापरता येत नाही. गिगाबिटच्या आतल्या जोडणीला ब्रिजमुळे जो फरक पडतो तो घरात कुणाला जाणवणार नाही.

प्रॉक्समॉक्स बसवल्यावर दोन ब्रिज करा. एक आतला, त्यावर यंत्राचा स्वतःचा पत्ता, समजा १९२.१६८.१.५. दुसरा बाहेरचा, आणि त्यावर यंत्राला कुठलाही पत्ता देऊ नका, नाहीतर प्रॉक्समॉक्सचं पान सरळ इंटरनेटच्या दारात उभं राहील. व्हीएमला २ कोअर, ४ जीबी रॅम आणि ३२ जीबी डिस्क पुरते. बलूनिंग (व्हीएमची रॅम कमीजास्त करणारी सोय) बंद ठेवा. प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ निवडा, म्हणजे आत एईएस दिसतं. व्हीएमसाठी यूईएफआय हा नवा बायोस घेतलात तर सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर इन्स्टॉलर सुरूच होत नाही. पहिलं नेटवर्क कार्ड आतल्या ब्रिजला आणि दुसरं बाहेरच्या ब्रिजला लावा, कारण ओपीएनसेन्स पहिल्याला लॅन (घराची बाजू) आणि दुसऱ्याला वॅन (इंटरनेटची बाजू) धरतं. दोन्ही कार्डांवरची प्रॉक्समॉक्सच्या फायरवॉलची खूण काढून टाका. फायरवॉल आत आहेच, बाहेर दुसरी कशाला?

इन्स्टॉल करताना ‘इन्स्टॉलर’ या नावाने आत जायचं, पासवर्ड ‘ओपीएनसेन्स’. डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टम निवडा. अचानक वीज जाणाऱ्या घरात यूएफएस या दुसऱ्या पर्यायापेक्षा ती जास्त तग धरतं. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये चेकसम, टीएसओ आणि एलआरओ यांचं हार्डवेअर ऑफलोडिंग (ही कामं नेटवर्क कार्डावर सोपवणं) बंदच असलं पाहिजे. पिंग व्यवस्थित जातंय पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, असं दिसलं की सर्वांत आधी हेच तपासा.

आपल्याकडे बीएसएनएलसकट बऱ्याच फायबर जोडण्या पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्डने लॉगिन करून, चालतात. त्यासाठी ओएनटी (फायबरची तार येते तो कंपनीचा डबा) ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा लागतो, म्हणजे तो लॉगिन न करता जोडणी सरळ पुढे देतो. तंत्रज्ञ घरी आला की त्याच वेळी त्याच्याकडून युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक कागदावर लिहून घ्या. तो क्रमांक व्हीएमच्या नेटवर्क कार्डाच्या व्हीलॅन टॅगच्या रकान्यात टाकला की आत वेगळा व्हीलॅन करावा लागत नाही. एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवा. फ्रीबीएसडीवर पीपीपीओईची सगळी रहदारी एकाच कोअरवर येऊन पडते. वेग कमी भरला तर ट्यूनेबलमध्ये ‘नेट.आयएसआर.डिस्पॅच’ची किंमत ‘डिफर्ड’ करून बघा.

कंपनी ब्रिज मोड देत नसेल तर नॅटवर नॅट पत्करावं लागतं, म्हणजे एका राउटरमागे दुसरा राउटर आणि पत्त्यांचं भाषांतर दोनदा. तेव्हा दोन गोष्टी आडव्या येतात. ओएनटीचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ आणि ओपीएनसेन्सचाही तोच, म्हणून काहीच चालत नाही. आतल्या बाजूला १९२.१६८.५०.१ असा वेगळा पत्ता द्या आणि प्रॉक्समॉक्सचा पत्ताही त्याच मालिकेत न्या. दुसरं म्हणजे, वॅनवरची खासगी पत्ते अडवणारी खूण काढा.

वायफायची अपेक्षा या डब्याकडून ठेवू नका. जुन्याच राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करून, त्याला १९२.१६८.१.२ पत्ता देऊन, केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. वॅन पोर्टमध्ये घातलीत की पुन्हा नॅटवर नॅट.

या मांडणीत सर्वांत त्रासदायक बिघाड कर्नल अपडेटनंतर किंवा नवी एनव्हीएमई घातल्यावर होतो. पोर्टांची नावं सरकतात, कालचा दुसरा पोर्ट आज तिसरा होतो, ब्रिजला त्याचं जुनं नाव सापडत नाही आणि घरातलं सगळं नेट बंद. यावर उपाय पहिल्याच दिवशी करायचा: प्रत्येक पोर्टचं नाव त्याच्या मॅक पत्त्याला (कारखान्यातून मिळालेल्या कायमच्या क्रमांकाला) बांधून टाकायचं. सिस्टमडी या लिनक्सच्या सेवाव्यवस्थापकाच्या ‘लिंक’ फाइलने ते होतं.

दुसरी अडचण या रचनेतच आहे. राउटरचा व्हीएम बंद पडला की डीएचसीपी नाही, लॅपटॉपला पत्ता मिळत नाही, प्रॉक्समॉक्सचं पान उघडत नाही आणि उपाय शोधायला इंटरनेटही नाही. म्हणून चौथा पोर्ट रिकामा ठेवून त्यावर तिसरा ब्रिज करा, त्याला १०.१०.१०.१ पत्ता द्या. अडचणीच्या वेळी लॅपटॉपची केबल त्यात घाला, लॅपटॉपला हाताने १०.१०.१०.२ द्या आणि ब्राउझरमध्ये https://१०.१०.१०.१:८००६ उघडा. हे दोन्ही पत्ते कागदी पट्टीवर लिहून डब्यालाच चिकटवा. ओपीएनसेन्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल)ही प्रॉक्समॉक्सवरच ठेवा.

एवढ्या खटाटोपाच्या बदल्यात मिळतं काय, तर स्नॅपशॉट. ओपीएनसेन्सचं अपडेट टाकण्याआधी एक घ्या, बिघडलं तर मिनिटभरात जुन्या जागी या. साध्या राउटरवर फर्मवेअर बिघडलं तर ही सोय नाही. व्हीएमचा साप्ताहिक बॅकअप मात्र दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. त्याच डिस्कवर ठेवलेला बॅकअप डिस्क गेली की तिच्याबरोबरच जातो. व्हीएमला ‘बूटवर सुरू’ची खूण आणि क्रमांक १ द्या, म्हणजे होम असिस्टंट वगैरे त्याच्यामागून उठतील.

यूपीएस घेताना फसगत होते. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर बहुधा २ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे २४ वॉट. एरवी १२ वॉटवर चालणारा हा डबा सुरू होताना त्या २४ वॉटच्याही पुढे जाऊ शकतो, आणि मग अर्ध्यावर बंद पडून पुन्हा सुरू, पुन्हा बंद, असं चक्र लागतं. अडॅप्टरवर जेवढे अँपिअर आहेत तेवढे देणारा यूपीएस घ्या, नाहीतर बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा खाली आणा. ओएनटीही त्याच यूपीएसवर हवा, नाहीतर राउटर जिवंत आणि जोडणी मेलेली.

आणि कंपनीचा राउटर परत करायची सक्ती नसेल तर युजरनेम-पासवर्ड भरून तो तयार ठेवा. कंपनी मॅक पत्ता बांधून ठेवत असेल तर व्हीएमच्या बाहेरच्या कार्डाला त्याच राउटरचा वॅनचा मॅक द्या. डबा दुरुस्तीला गेला तरी घरातल्या कुणालाही ओएनटीची केबल काढून त्या राउटरला लावता येईल.